बाहीची खिडकी

काकांनी नाशकातल्या द्वारका चौकातल्या एका शिंप्याकडून शर्टाच्या डाव्या बाहीला खिडकी करून घेतली, त्या दिवशी आमच्या द्राक्षं निवडून खोक्यांत भरायच्या पॅकहाऊसमध्ये कुणाचंच कामात लक्ष लागेना. खिडकी म्हणजे अगदी खरी खिडकी. दंडाच्या मागच्या बाजूला चौकोनी कापड कापलेलं, त्यावर झडप, झडपेला काज आणि बटण. बटण काढलं की आत दंडाला चिकटवलेली पांढरी चकती दिसायची. रक्तातली साखर दिवसभर मोजणारा सेन्सर. दर थोड्या वेळाने त्याचा आकडा काकांच्या मोबाइलवर यायचा आणि त्यांच्या मुलाच्या मोबाइलवरही जायचा.

"काका, पण मोबाइलला आकडा कापडावरूनही मिळतो की," मी म्हटलं.

"मोबाइलला मिळतो. माणसांना कुठं दिसतो? लोक लपवत्यात. आपण काय चोरी केली का?"

मला ती खिडकी पाहून पहिल्यांदा हसू आलं आणि मग वडील आठवले. आमच्या घरात साखर हा पाहुण्यांसमोर काढायचा विषय नव्हता. वडील गोळी घ्यायला मोरीत जायचे. लग्नात कुणी जिलबी वाढली तर "दात दुखतोय" म्हणायचे, आणि आई बाजूला बसून ती जिलबी निमूट आपल्या पानात घ्यायची. असा माणूस वडील म्हणून लाभलेल्या मुलीला शर्टाला खिडकी पाडणारा माणूस भेटला तर ती त्याच्या बाजूने होणारच. मी झाले.

काका आमच्याकडे द्राक्षांची गोडी तपासायला होते. मूळचे देवळ्याकडचे. घरचे सगळे कांद्यात, हे एकटे तरुणपणी द्राक्षांकडे वळले आणि पुढे मुलाबरोबर नाशकात द्वारकेजवळ राहायला आले. परदेशी जाणारा माल खुडण्याआधी मण्यात साखर पुरेशी भरली की नाही हे पाहावं लागतं. त्यासाठी वीतभर लांबीची एक नळी असते, तिला सगळे ब्रिक्स मीटर म्हणतात. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, नळी उजेडाकडे धरायची आणि एका डोळ्याने आत बघायचं. आकडा दिसतो. काकांनी "पास" म्हटलं की दुसऱ्या दिवशी खुडा सुरू. नाहीतर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "अजून आठ दिवस."

या तीन शब्दांपुढे कुणाचं काही चालायचं नाही. एकदा त्यांनी सख्ख्या मेव्हण्याची बाग आठ दिवस थांबवली. काकू दोन महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत, असं ते स्वतःच कौतुकाने सांगायचे. "घरात लय शांतता होती त्या टायमाला," म्हणायचे.

मी शेतीची पदवी घेऊन नवीनच लागले होते आणि मला वाटायचं, आपल्याला सगळं येतं. पहिल्याच दिवशी बागेत मी वाटेलगतच्या वेलीचा एक टपोरा मणी तोडून काचेवर पिळला. आकडा छान आला. काकांनी माझ्या हातून मीटर काढून घेतलं, रुमालाने पुसलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही बागवाल्याच्या पाहुण्या का?"

मग त्यांनी मला अख्खी बाग फिरवली. कडेची ओळ सोडायची, तिला ऊन जास्त. घडाच्या खांद्यावरचा मणी घ्यायचा, पोटातला घ्यायचा, शेपटीचा घ्यायचा. उन्हाकडचा घ्यायचा तसा सावलीकडचाही. बागवाला जिकडे हात करून बोलावेल त्याच्या उलट दिशेला जायचं. आणि मांडवाच्या तारेला टेकलेला घड कधीच घ्यायचा नाही, कारण दाबला गेलेला मणी आपल्या झाडाबद्दल खरं सांगत नाही. हे सगळे मणी स्टीलच्या पेल्यात चुरायचे, रस गाळायचा आणि मग एक थेंब. "एका मण्यावर बाग ठरवायची नाय, ताई," ते म्हणाले. मॅडमची ताई झाले याचा मला कोण आनंद झाला होता.

एवढं मीटर बघूनही ते शेवटी एक मणी तोंडात टाकायचेच. मीटर फक्त गोडी सांगतं, आंबट किती राहिलंय ते जीभ सांगते, असं त्यांचं म्हणणं. मणी सावकाश चावायचे, डोळे मिटायचे आणि गिळायचे. गिळण्यावर त्यांचा कटाक्ष होता. एकदा बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याचा माणूस चाखून चोथा मातीत थुंकला, तर काकांनी त्याला हाताला धरून बांधाबाहेर नेऊन उभं केलं. "वर्षभर राबून आणलेला माल हाय. थुंकायचा असंल तर गावाबाहेर जाऊन थुंका," असं त्याला सुनावलं होतं. तो माणूस पुन्हा आमच्या भागात दिसला नाही.

काकांना डायबेटिस होता हे सगळ्यांना माहीत होतं, कारण ते स्वतःच सांगत सुटायचे. पण लॅबच्या रिपोर्टवर त्यांचा राग होता. "सकाळी उपाशीपोटी एक थेंब काढायचा अन् अख्ख्या माणसाला नावं ठेवायची? ही तर कडेची ओळ झाली." म्हणून डॉक्टरीणबाईंनी जेव्हा दंडावर सेन्सर लावून बघू म्हटलं, तेव्हा घरातल्यांना वाटलं हे भांडणार. हे मात्र हरखून गेले. दिवसभर, उठता-बसता, जेवणाआधी, जेवणानंतर सॅम्पल निघणार! फक्त एकच प्रश्न त्यांनी विचारला, "याला शून्यावर कसं आणायचं?" ब्रिक्स मीटर ते रोज सकाळी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्यावर आणायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे कारखान्यातूनच जुळवून येतं. काकांनी ते मनात ठेवलं.

नुकताच हंगाम सुरू झाला होता. पहिला आठवडा काका बागा फिरले, आकडे बघत राहिले, खिडकी उघडून दाखवत राहिले. बागवाले गंमत म्हणून विचारायचे, "काका, आज तुमचा ब्रिक्स किती?" आणि हे खुशाल सांगायचे.

मग एका रविवारी दुपारी घरी जेवून झोपले असताना मुलाच्या मोबाइलवर भोंगा वाजला. साखर अठ्ठावन्न. मुलगा घाबरून गेला आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. साखर एकदम उतरली की माणूस बेशुद्ध पडू शकतो हे त्याला डॉक्टरांनी बजावलेलं होतं. त्याने काकांना उठवून बसवलं, साखरपाणी पाजलं.  त्याच संध्याकाळी फोनवर डॉक्टरीणबाईंनी एक गोळी निम्मी केली आणि सांगितलं, कारण कळेपर्यंत गाडी चालवायची नाही, बागेत एकट्याने फिरायचं नाही.

मुलाने मोटारसायकलची किल्ली काढून घेतली. सोमवारी सकाळी आमच्या साहेबांनी काकांचं ब्रिक्स मीटर काढून घेतलं. म्हणजे तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "काका, तुम्ही आता सावलीत बसा. बागेत चक्कर येऊन पडलात तर आम्ही तुमच्या घरच्यांना काय तोंड दाखवायचं?" शनिवारी पंधरा दिवस पुरे होऊन सेन्सर निघणार होता. डॉक्टरीणबाई त्या दिवशी काय म्हणतील ते बघू, नाहीतर यापुढे बागा दुसरं कुणीतरी बघेल, असं ठरलं. काकांना खोक्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. त्याच दुपारी जेवून ते पॅकहाऊसमधल्या बाकड्यावर आडवे झाले आणि पुन्हा तोच प्रकार, मंगळवारीही; दोन्ही दिवशी मीच त्यांना उठवून साखरपाण्याचा पेला दिला.

मला साहेबांचा तेव्हा इतका संताप आला होता की मी दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. माणसाची काळजी करतोय असं दाखवून त्याला खुर्चीत कोंबायचं, हे मी घरी वडिलांच्या बाबतीत पाहिलेलं होतं. त्यांना आधी स्कूटर सोडायला लावली, मग बाजार, मग मित्रांच्यात बसणं. ते प्रत्येक वेळी "बरं" म्हणाले. आणि वर्षभरात म्हातारे झाले.

काका "बरं" म्हणाले नाहीत. लेबलं चिकटवता चिकटवता ते मला म्हणाले, "हाई खोटं शे." रागावले की त्यांना देवळ्याची बोली आठवायची. "घाम नाय, थरथर नाय, डोळ्यापुढं अंधारी नाय. नुसता आकडाच पडतो. मी नाय पडत."

"वय झालं की अंगाला कळत नाही म्हणे, काका."

"कुणाच्या अंगाला? माझ्या का तुमच्या?"

किल्ली गेल्यामुळे मी त्यांना रोज सकाळी द्वारकेवरून माझ्या स्कूटरवर घेत होते. ते हेल्मेट घालून चौकाच्या कडेला ताठ उभे असत, एखाद्या पाहुण्याने गाडी पाठवायला उशीर केलाय असा चेहरा करून. मागे बसून दिंडोरी रस्ता येईपर्यंत मला गाडी शिकवत. "क्लच नाय म्हणून काय झालं, डोकं तर हाय ना?" एकदा तर सिग्नलला त्यांनी शेजारच्या रिक्षावाल्याला खिडकी उघडून दाखवली.

बुधवारी सकाळी ते स्कूटरवर बसलेच नाहीत. चौकातच उभे राहून त्यांनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "ताई, हे बघा. काल तुम्ही मला उठवलं. साखरपाण्याचा पेला हातात दिला. मी तो प्यायलो नाय."

"काय?"

"हातात धरून बसलो. तुम्ही तिकडं बघितलं तसा बेसिनमध्ये ओतला. अन् आकडा बघा. पंधरा मिनिटांत एकशेवीसवर. पेला बेसिनमध्ये गेला तर माझी साखर चढवली कुणी?"

मला क्षणभर त्यांना ओरडावंसं वाटलं. खरंच साखर उतरली असती म्हणजे? पण आकडा समोर होता. माझ्या मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले आणि काका त्या गोंगाटात, हेल्मेटमधून, मला त्यांचं उत्तर सांगत होते. झोपल्यावर पडतो, उठून बसलं की चढतो. रात्री ते उताणे झोपतात, पण दुपारची झोप कायम डाव्या कुशीवर, लहानपणापासून; पहिल्या आठवड्यात बागा फिरताना ती मिळालीच नव्हती. चकती डाव्या दंडावर.

"तारेला टेकलेला घड!" ते म्हणाले. "मीच सॅम्पल चुकीचं देतोय, ताई. अंगाखाली दाबलेल्या चकतीचा आकडा. अन् त्यावर अख्खा माणूस नापास करून बसले."

त्यांना मी तिथेच म्हटलं की हे डॉक्टरांना फोन करून सांगू. काकांनी मान हलवली. नुसतं सांगून काय होणार, म्हणाले. बागवाला पण सांगतोच की माल गोड आहे.

मग त्या दिवसापासून आम्ही तीन दुपारी प्रयोग केला. पॅकहाऊसच्या मागच्या खोलीत ते लाकडी बाकडं होतं. काका जेवून आडवे व्हायचे. पहिल्या दिवशी आधी उजव्या कुशीवर पाऊण तास, मग थोडं बसणं, मग डाव्या कुशीवर. दुसऱ्या दिवशी आधी डावी, मग उजवी. तिसऱ्या दिवशी उताणे, मग पुन्हा डावी. मी स्टुलावर बसून त्यांच्या सॅम्पलच्या वहीत आकडे लिहायचे आणि दर वीस मिनिटांनी बोटाला सुई टोचून घरच्या मशिनवर खरी साखर बघायचे. ही अट माझी होती. बोटाची साखर खाली दिसली तर प्रयोग बंद आणि साखरपाणी समोर उभं राहून पाजणार, असं मी बजावलं होतं. "कडक हाय पोरगी," ते बाकड्यालाच म्हणाले.

उजव्या कुशीवर काहीच झालं नाही. उताणे असतानाही नाही. डाव्या कुशीवर तिन्ही दिवस आकडा घसरत गेला, साठाच्या खाली, आणि बोटावर त्याच वेळी एकशे अठरा, एकशे पंचवीस, एकशे बारा. प्रत्येक वेळी मुलाचा फोन यायचा. "ताई, आबा पडले का?"

"नाही. झोपलेत."

"आकडा छप्पन्न दाखवतोय!"

"बोटावर एकशे अठरा आहे. प्रयोग चाललाय."

 तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "त्यांना सांगा, पुढच्या वेळी प्रयोग करायच्या आधी मला एक फोन करत जा. माझा जीव जातो इथं." काकांनी मिटल्या डोळ्यांनी ते ऐकलं आणि पहिल्यांदा थोडे वरमले. संध्याकाळी मुलासाठी त्याला आवडतो म्हणून चिवडा घेऊन गेले.

शनिवारी दवाखान्यात काका, त्यांचा मुलगा आणि वही घेऊन मी. डॉक्टरीणबाईंनी वही दोनदा वाचली. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "झोपता कोणत्या कुशीवर हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं." त्यांनी समजावलं की चकती थेट रक्तातली नाही तर कातडीखालच्या पाण्यातली साखर वाचते, आणि वरून दाब पडला की तो आकडा खोटा कमी दिसू शकतो. निम्मी केलेली गोळी पुन्हा पूर्ण झाली. पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावायचा ठरलं. गाडी चालवायला हरकत नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. मुलाने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. तो ती बरोबर घेऊनच आला होता, हे पाहून मला बरं वाटलं.

काका जिंकले होते. आता उठायचं आणि निघायचं, एवढंच राहिलं होतं. पण ते उठेनात.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही सावलीची बाजू बघितली," ते म्हणाले. "उन्हाकडची राहिली."

त्यांनी मोबाइलवरचा आलेख मागे सरकवत पहिल्या आठवड्यावर आणला. बागा फिरायचे ते दिवस. रोज अकराच्या पुढे रेघ उभी चढत गेलेली, दोनशे साठ, दोनशे सत्तर, आणि दुपार टळली तरी खाली यायला तयार नाही. आमच्या सगळ्यांचं लक्ष त्या खोट्या उतारांकडे होतं, हे चढ कुणी नीट पाहिलेच नव्हते. काका गप्प राहिले असते तर त्या दिवशी तरी ते तसेच सुटून गेले असते.

"एक मणी म्हणता म्हणता बागेत वीस होत्यात," ते म्हणाले. "दिवसाला चार-पाच बागा. मी म्हणायचो चाखणं म्हणजे खाणं नव्हं. हे यंत्र म्हणतंय खाणंच हाय. हितं मी दाबलेला नव्हतो. हितं ते खरं बोलतंय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग काका, चाखणं बंद करायला हवं."

"चाखणं नाय बंद होणार." एवढं बोलून त्यांनी किल्ली उचलली आणि मुठीत धरली. "गिळणं बंद करतो."

मला माहीत होतं ते काय बोलले. मुलालाही नसेल, मला होतं.

सोमवारी ते मोटारसायकलवर पुढे आणि मी स्कूटरवर मागे, असे आम्ही एका तरुण बागवाल्याकडे गेलो. पहिलीच बाग होती त्याची, बायकोसुद्धा कडेवर लेकरू घेऊन बांधावर येऊन उभी राहिलेली. काकांनी नेहमीसारखी बाग फिरली, तो दाखवेल तिकडे न जाता. पेल्यात मणी चुरले, रस गाळला, मीटर उजेडाकडे धरलं. मग शेवटचा मणी तोंडात टाकला. डोळे मिटले. सावकाश चावला. आणि वेलीकडे पाठ करून, खिशातला रुमाल काढून, त्यात थुंकले. रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली. मातीत त्यांनी काही पडू दिलं नाही.

बागवाल्याचा चेहरा उतरला. काकांबद्दल त्यानेही ऐकलेलं असणार. "काका, गोड नाय का?" त्याने विचारलं. आवाज पार बारीक झाला होता.

काकांनी उजव्या बाहीचं बटण काढलं. नव्या शर्टाला नवी खिडकी होती, या बाजूला. झडप वर करून त्यांनी त्याला चकती दाखवली.

"तुझी बाग पास हाय रे. उद्या खुडा लाव. नापास मी झालोय."

पोरगा त्यांच्याकडे बघतच राहिला. काकांनी झडप लावली, बटण घातलं आणि मोटारसायकलला किक मारली.

"तोंड काय पाडतो? बाग नापास झाली म्हणून कुणी उपटून टाकतं का? अजून आठ दिवस. मग परत सॅम्पल काढू."

आणि पुढच्या बागेकडे ते माझ्या आधी निघाले.